कागद दाखवा, गल्ला दाखवू नका
फोनवरच्या धंद्याच्या बैठकीत घ्यायची खबरदारी

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत धंदा करायचा म्हणजे आधी अंतराचा हिशेब करावा लागतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. कचेऱ्या वाटल्या गेल्या, पण रस्ते काही आखडले नाहीत. गडचिरोलीहून सिरोंचा आजही सुमारे दोनशे किलोमीटर. गडचिरोलीच्या दोन तृतीयांशाहून अधिक भागावर जंगल. रेल्वे गाठायची तर वडसा किंवा चंद्रपूर-बल्लारशाह. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट वर्षानुवर्षे बंद पडत आली. अशा मुलुखात सागवानाचा भाव ठरवायला, फर्निचरचा नमुना दाखवायला किंवा तेंदूपत्त्याचा करार बोलायला एक माणूस दोन-दोन दिवस खर्ची पडत असे.

हे काम आता मोबाइलवर होऊ लागले आहे. नागपूरचा ठोक व्यापारी, हैदराबादचा गिऱ्हाईक, मुंबईचा आर्किटेक्ट आणि आलापल्लीचा सुतार एकाच वेळी झूम, गुगल मीट किंवा व्हॉट्सॲपवर समोरासमोर बसतात. एसटीचे भाडे वाचते, दुकान बंद ठेवावे लागत नाही. फायदा उघड आहे. त्यातल्या धोक्याबद्दल मात्र आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांत फारसे बोलले जात नाही, म्हणून हा विषय आम्ही या पानावर घेत आहोत.

दुकानात गिऱ्हाईक आले तर आपण त्याला गादीवर बसवतो, चहा पाजतो, माल उलटून-पालटून दाखवतो. पण गल्ल्याची किल्ली त्याच्या हाती देत नाही आणि खरेदीची वही त्याच्यासमोर उघडी टाकत नाही. फोनवरच्या बैठकीत नेमका हाच विसर पडतो. ‘स्क्रीन शेअर’चे बटण दाबले की आपल्या फोनवर जे जे दिसते ते ते समोरच्याला दिसते. दरपत्रक दिसावे म्हणून आपण बटण दाबतो, आणि त्यासोबत बँकेचा संदेश, दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिलेला भाव, घरच्या मंडळींचे फोटो, सारे बाहेर पडते.

बिनबोलावलेले पाहुणे

हा धोका जगाच्या नजरेला आला तो २०२० साली. टाळेबंदीत माणसे घरी बसली आणि कचेऱ्या, शाळा, दुकाने फोनवर आली. झूम या कंपनीनेच दिलेल्या आकड्यांनुसार डिसेंबर २०१९ मध्ये तिच्या बैठकांत दिवसाला जास्तीत जास्त एक कोटी लोक सामील होत होते. मार्च २०२० मध्ये तो आकडा वीस कोटींवर गेला. इतकी गर्दी झाल्यावर खोडसाळ माणसेही आली. बैठकीची लिंक कुठेतरी उघड्यावर टाकलेली असायची, तिच्यावरून कोणीही आत शिरायचे आणि स्क्रीन शेअर करून अश्लील चित्रे लावायचे. त्यानंतर ५ एप्रिल २०२० पासून झूमने फुकट वापरणाऱ्यांच्या बैठकांना पासवर्ड आणि ‘वेटिंग रूम’ या सोयी आपोआप लागू केल्या. १६ एप्रिल २०२० रोजी भारताच्या गृह मंत्रालयाने झूमबाबत सावधगिरीच्या सूचना काढल्या आणि सरकारी अधिकाऱ्यांनी सरकारी कामासाठी ते वापरू नये, असे सांगितले.

ही जुनी गोष्ट झाली, असे समजू नये. डिसेंबर २०२३ मध्ये शेजारच्या कर्नाटक उच्च न्यायालयाच्या ऑनलाइन सुनावणीत कोणीतरी शिरून अश्लील दृश्ये दाखवली. न्यायालयाला त्या वेळी व्हिडिओ सुनावणी आणि थेट प्रक्षेपण थांबवावे लागले. उच्च न्यायालयाच्या दारातून जो शिरू शकतो, त्याला आपल्या दुकानाची बैठक कितीशी अवघड?

आपल्या धंद्यात तर अश्लील चित्रापेक्षा मोठे नुकसान गुपचूप बसणाऱ्या माणसाकडून होते. निविदा भरायच्या आदल्या रात्री तीन भागीदार फोनवर भाव ठरवत असतील आणि चौथा कोणी ‘सॅमसंग’ किंवा ‘युजर’ अशा नावाने कॅमेरा बंद करून ऐकत असेल, तर सकाळी निविदा कोणाची लागेल हे सांगायला नको.

यजमान कोण?

म्हणून पहिला नियम असा की, बैठक महत्त्वाची असेल तर ती आपण स्वतः बोलवावी. जो बैठक बोलावतो तो ‘होस्ट’, म्हणजे यजमान. दार उघडणे, बंद करणे, एखाद्याला बाहेर काढणे, कोणी काय दाखवायचे हे ठरवणे, ही सगळी सत्ता यजमानाकडे असते. अनोळखी माणसाने पाठवलेल्या लिंकवर आपण गेलो की ही सत्ता त्याच्याकडे जाते.

यजमानाने करायच्या गोष्टी थोड्या आहेत. दर बैठकीला नवी लिंक काढावी. झूममध्ये प्रत्येक खातेदाराचा एक कायमचा क्रमांक असतो. तो घरच्यांसाठी ठेवावा, धंद्यासाठी वापरू नये. लिंक ज्याच्या त्याच्या क्रमांकावर पाठवावी. दीडशे जणांच्या व्यापारी ग्रुपवर टाकलेली लिंक म्हणजे चौकात लावलेली पाटीच.

वेटिंग रूम चालू ठेवावी. तिचा अर्थ सरळ आहे: आलेला माणूस ओसरीवर थांबतो आणि आपण ओळख पटवून त्याला आत घेतो. गुगल मीटमध्येही यजमानाला अनोळखी माणसाची विनंती मान्य किंवा अमान्य करता येते. येणाऱ्याने आपले नाव आणि गाव लिहावे, असे आधीच कळवावे. ज्याचे नाव ओळखू येत नाही त्याला आत घेण्यापूर्वी सरळ फोन लावावा. त्यात कोणाचा अपमान होत नाही. सगळे आले की झूममध्ये ‘लॉक मीटिंग’ करून दार लावून घ्यावे. स्क्रीन शेअर करण्याची मुभा फक्त यजमानाकडे ठेवावी, दुसऱ्याला दाखवायचे असेल तेव्हा ती तेवढ्यापुरती द्यावी.

रेकॉर्डिंगबद्दल आधी विचारावे आणि सर्वांनी होकार दिल्यावरच करावे. मात्र बटण न दाबताही समोरचा दुसऱ्या फोनने सगळे टिपू शकतो, हे ध्यानात ठेवून बोलावे. व्हॉट्सॲपच्या सामूहिक कॉलमध्ये आणखी एक बाब आहे. तिथे एकमेकांचे मोबाइल क्रमांक उघड होतात. घरी बसून शिलाई, भरतकाम करणाऱ्या आपल्या भगिनींना अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलायचे असेल तर त्यांच्यासाठी झूम किंवा मीट बरे. कॅमेरा बंद ठेवूनही मालाचे बोलणे होऊ शकते.

एकच कागद दाखवा

आता स्क्रीनविषयी. संगणकावर स्क्रीन शेअर करताना विचारले जाते की, पूर्ण पडदा दाखवायचा की एखादीच खिडकी. दर वेळी एकच खिडकी निवडावी. पूर्ण पडदा दाखवला तर खाली उघडे असलेले टॅली, ब्राउझरमधली बँक, बाजूचे व्हॉट्सॲप हे सर्व लोकांसमोर येते. एक्सेलचे दरपत्रक दाखवताना जास्त जपावे. खालच्या बाजूला दुसऱ्या पानांची नावे असतात, आणि त्यातल्या एका पानावर आपला खरेदीभाव असतो. दाखवायचे पान वेगळे काढून त्याची पीडीएफ करावी आणि तीच उघडावी.

मोबाइलवर बऱ्याचदा पूर्ण पडदाच जातो. अँड्रॉइडच्या १४ व्या आवृत्तीपासून एकच ॲप दाखवण्याची सोय आली आणि १५ व्या आवृत्तीत स्क्रीन शेअर चालू असताना सूचना व ओटीपी झाकण्याची व्यवस्था केली गेली. पण आपल्यापैकी अनेकांच्या हातात जुने फोन आहेत. त्यांनी या सोयींच्या भरवशावर राहू नये. स्क्रीन शेअर करण्यापूर्वी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून वरून येणाऱ्या सूचना दिसणार नाहीत अशी सेटिंग करावी, बाकीची ॲप बंद करावीत, आणि दाखवायचे तेवढे दाखवून लगेच ‘स्टॉप शेअरिंग’ दाबावे. शेअर चालू असताना बँकेचे ॲप उघडू नये, पिन टाकू नये, पासवर्ड लिहू नये.

खरे तर पुष्कळ वेळा स्क्रीन दाखवण्याची गरजच नसते. दरपत्रकाची पीडीएफ किंवा नमुन्याचे फोटो आधी पाठवून द्यावेत आणि बैठकीत फक्त बोलावे. बल्लारशाहच्या किंवा आलापल्लीच्या सागवानाचा रेषा-रंग दाखवायचा तर स्क्रीनऐवजी कॅमेरा लाकडावर फिरवावा. गिऱ्हाइकाला माल दिसतो, आपला फोन दिसत नाही. वाहतूक परवाना, पॅन, आधार असे कागद मात्र बैठकीत कॅमेऱ्यासमोर धरू नयेत. समोरच्याने एक फोटो काढला की त्या कागदाची नक्कल कुठे कुठे फिरेल हे आपल्या हातात राहत नाही.

जेव्हा समोरचा ठग असतो

आतापर्यंत आपल्या नजरचुकीची बाजू पाहिली. दुसरी बाजू सराईत ठगांची आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना एनीडेस्क या ॲपच्या गैरवापराबद्दल सावध केले होते. ॲप स्वतः बेकायदा नाही. दूरच्या संगणकाची दुरुस्ती करणारे कारागीर ते रोज वापरतात. ठगाची रीत अशी की, तो बँकेचा किंवा कंपनीचा माणूस म्हणून फोन करतो, ॲप घ्यायला लावतो आणि त्यात दिसणारा क्रमांक विचारून घेतो. तो क्रमांक सांगून पुढच्या परवानग्या दिल्या की आपला फोन त्याच्या हातात गेला. पुढे आपण पाहत राहायचे.

व्हॉट्सॲपने ऑगस्ट २०२३ मध्ये व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअरची सोय दिली, तेव्हापासून वेगळे ॲप घ्यायला लावण्याचीही गरज उरली नाही. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये अनोळखी माणसाला स्क्रीन दाखवताना इशारा देण्याची सोय व्हॉट्सॲपच्या कंपनीने जाहीर केली. इशारा दिसला तर तो वाचावा, घाईने बाजूला सारू नये.

समजा, मूलच्या एका फर्निचर कारागिराला फोन येतो: “सेठ, आमच्या कॅम्पला चाळीस खुर्च्या आणि दहा टेबले पाहिजेत. भाव तुमचाच. ॲडव्हान्स आत्ताच टाकतो.” कारागीर खूश होतो. थोड्या वेळाने पुन्हा फोन: “भाईजान, पैसे अडकले आहेत. व्हिडिओ कॉल घ्या, जरा स्क्रीन दाखवा, मी सांगतो कुठे दाबायचे.” घासाघीस न करणारे गिऱ्हाईक, माल न पाहता दिलेली मोठी ऑर्डर आणि पैसे घेण्यासाठी स्क्रीन दाखवण्याची मागणी, या तीन खुणा एकत्र दिसल्या की फोन ठेवून द्यावा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन पैसे देताना लागतो. एवढे एक वाक्य घरातल्या आणि कारखान्यातल्या प्रत्येकाला पाठ असले पाहिजे.

दुसरा प्रकार भीती घालण्याचा. पोलिसी गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या नावाने बेकायदा पार्सल सापडले असे सांगतो आणि कॉल बंद न करण्याची ताकीद देतो. याला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी स्पष्ट केले की, अशी कोणतीही व्यवस्था कायद्यात नाही. जंगल जिल्ह्यात लाकूड, तेंदू, वाहतूक या धंद्यांना परवान्याची भीती कायम असते आणि ठग तीच हेरतो. खरी चौकशी असेल तर नोटीस येते, आणि तिचे उत्तर कचेरीत वकिलामार्फत देता येते. बँकेच्या नावाने केवायसीसाठी अचानक फोन आला तर तो ठेवून आपल्या पासबुकावरचा किंवा शाखेचा क्रमांक आपण लावावा.

पैसे गेलेच तर

अशा वेळी लाज धरून गप्प बसणे हे सर्वांत मोठे नुकसान. प्रथम फोनचे इंटरनेट बंद करावे. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते आणि कार्ड थांबवावे. लगेच १९३० हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक लावावा आणि केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पुढे सरकण्याआधी अडवता आली तर वाचण्याची आशा असते, म्हणून इथे मिनिटे मोलाची आहेत. संदेश, क्रमांक, व्यवहाराचे फोटो पुसू नयेत. पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत आणि घ्यायला लावलेले ॲप काढून टाकावे.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी ठरवली. चूक ग्राहकाची नाही आणि बँकेचीही नाही, अशा फसवणुकीची खबर मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने बँकेला कळवले तर त्याच्यावर तोटा पडू नये, असे त्यात म्हटले होते. पण ग्राहकानेच पिन-पासवर्ड दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचाच धरला गेला. म्हणजे स्क्रीन दाखवून पिन उघडा पडला तर भरपाई मागताना आपलीच बाजू लंगडी पडते.

ग्रामसभेशी व्यवहार

आपल्या भागाचे एक वैशिष्ट्य इथे सांगायला हवे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीच्या परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. आज व्यापाऱ्याच्या समोर एक ठेकेदार नसतो, अख्खे गाव असते.

अशा वेळी फोनवरची बैठक ही फक्त तयारीची बैठक समजावी. हंगाम, पुडे मोजण्याची रीत, पैसे देण्याचे हप्ते यावर बोलणे करून घ्यावे. ठराव मात्र ग्रामसभेत, सर्वांसमोर आणि कागदावर व्हावा. एखाद्या गावाचा भाव दाखवताना दुसऱ्या गावाशी झालेला करार स्क्रीनवर दिसला तर दोन्हीकडचा विश्वास जातो. गावकऱ्यांची नावे आणि खाते क्रमांक असलेली मजुरीची यादी तर कधीच स्क्रीनवर दाखवू नये. ती आपल्याकडे अमानत आहे. त्या यादीतल्या माणसाला उद्या ठगाचा फोन गेला तर त्याची पानतोडणीची कमाई बुडेल आणि बोट आपल्याकडे दाखवले जाईल.

नेटवर्क आणि लेखी नोंद

जंगलात नेटवर्क सारखे तुटते. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीशी प्राथमिक करार केला, त्यात दुर्गम जिल्ह्यांमध्ये गडचिरोलीचे नाव आहे. पण आजच्या बैठकीचे आज पाहावे लागते. आवाज तुटत असेल तर सगळ्यांचे कॅमेरे बंद करावेत. डेटा बराच वाचतो. बोलायचे मुद्दे आधी लिहून पाठवावेत. फुकटच्या झूमवर बैठक चाळीस मिनिटांत संपते, त्यामुळे भावाचा मुद्दा आधी आणि चौकशा नंतर घ्याव्यात. शुक्रवारी दुपारची वेळ टाळावी, म्हणजे निम्मी माणसे अर्ध्यावर उठणार नाहीत. नेटवर्क नाही म्हणून रस्त्याच्या कडेला, हॉटेलात किंवा एसटीत बसून भावाचे बोलणे करू नये. तिथे कान पुष्कळ असतात.

बैठक संपली की त्याच दिवशी काय ठरले ते चार ओळींत लिहून सर्वांना पाठवावे: माल कोणता, किती, भाव काय, पैसे कधी, वाहतूक कोणाची. समोरच्याकडून “मंजूर” असे उत्तर मागून घ्यावे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ नुसार करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला, एवढ्याच कारणाने तो रद्दबातल ठरत नाही. नव्या व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर तपासून घ्यावा. तिथे पेढीचे नाव दिसते, आणि ते त्याने सांगितलेल्या नावाशी जुळले पाहिजे.

दुकानात भिंतीवर लावण्यासाठी थोडक्यात:

१. महत्त्वाची बैठक आपण बोलवावी. दर वेळी लिंक नवी.
२. ओळख पटल्याशिवाय कोणाला आत घेऊ नये. सगळे आले की दार लावावे.
३. पूर्ण पडदा नाही, एकच कागद. शक्यतो पीडीएफ आधी पाठवावी.
४. स्क्रीन चालू असताना बँक, पिन, ओटीपी काहीही उघडू नये.
५. पैसे घेण्यासाठी कोणी स्क्रीन मागितली की फोन ठेवावा.
६. फसवणूक झाली तर लगेच बँक आणि १९३०.

यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. लागतो तो अर्ध्या तासाचा सराव. पुढच्या बैठकीआधी घरातल्या मुलाला किंवा दुकानातल्या पोऱ्याला दुसऱ्या खोलीत बसवून एकदा स्क्रीन शेअर करून पाहावी आणि त्याला विचारावे, “तुला काय काय दिसले?” त्याच्या उत्तरातून आपल्याला काय झाकायचे आहे ते कळेल.